तोळाभर शिसे

दोन गोळ्या हातात घ्या. दोन्ही शिशाच्या, करड्या, दिसायला बहिणी-बहिणी. एक गुडघाभर उंचीवरून फरशीवर सोडली तर बद्द आवाज करून तिथेच बसते. दुसरी किणकिणते आणि उसळून बाजूला जाते. पहिली निव्वळ शिशाची आहे, दुसरीत कथील आणि अँटिमनी मिसळले आहे. पहिली ठासणीच्या बंदुकीसाठी ओतलेली, दुसरी रिव्हॉल्व्हरसाठी. त्यांची अदलाबदल झाली तर पहिली रिव्हॉल्व्हरच्या नळीला शिशाचा लेप चढवते आणि दुसरी ठासणीच्या नळीत तोंडाशीच अडते. शिशाची गोळी निवडायची म्हणजे हा फरक ओळखायचा. तो इथे सावकाश उलगडायचा आहे, कारण ‘गोळी जितकी कडक तितकी चांगली’ असा समज अनेकांच्या मनात घट्ट बसला आहे आणि चुकीच्या गोळीने जनावर जागच्या जागी न पडता जखमी होऊन पळते. शिकाऱ्याच्या हातून याहून वाईट काही होत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. कोकणात वानर-डुकरांपासून बागायत राखायला घेतलेल्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका काही घरांत अजून आहेत. पण अशा बंदुकीने आणि रिव्हॉल्व्हरने रीतसर शिकार होते ती अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळानंतर केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांचा वेगळा हंगाम असतो. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात एल्क जातीचे मोठे हरीण मारायचे तर बंदूक निदान .५० कॅलिबरची लागते. या शिकाऱ्यांना दुर्बीण लावलेली आधुनिक रायफल मिळत नाही असे नाही. ते मुद्दाम असे हत्यार घेतात की ज्याने सावजाच्या पन्नास-साठ पावलांवर जावे लागते आणि हाती एकच बार असतो. म्हणून त्या एका बारात काय भरायचे याचा विचार तिथे फार बारकाईने केला जातो.

आधी मापांची भाषा. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड, आणि एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. हे परके वाटत असेल तर सोनाराच्या काट्याकडे वळा: इंग्रजी अमलात ठरलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. .५० कॅलिबरच्या ठासणीच्या बंदुकीत जाणारी वाटोळी गोळी सुमारे १७७ ग्रेन भरते, म्हणजे जवळजवळ एक तोळा शिसे. .५४ ची गोळी सव्वा तोळ्याची. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. ‘बारा बोअर’ हा शब्द मराठीत सर्रास चालतो, पण तो कुठून आला हे सहसा कुणी सांगत नाही: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या वाटोळ्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअरची. म्हणजे बंदुकीचे मापच मुळात शिशावरून ठरले.

शिसेच का, हा प्रश्न यानंतर यायलाच हवा. शिसे जड आहे, एका घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, लोखंड आठच्याही खाली. जड वस्तूने एकदा वेग घेतला की हवा तिला सहज अडवू शकत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे अंगणातल्या चुलीवरही गोळी ओतता येते. आणि शिसे मऊ आहे. हा तिसरा गुण सर्वांत मोलाचा, आणि लोक नेमका त्यालाच दोष समजतात.

वाटोळ्या गोळीपासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे तिच्यातून समजते. रायफलच्या नळीत आत मळसूत्रासारखे आटे कापलेले असतात. त्यांनी गोळीला पकडून फिरवले तर गोळी भोवऱ्यासारखी स्थिर जाते. पण ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून भरायची. ती आट्यांना घट्ट बसेल एवढी मोठी केली तर गजाने ठोकून ठोकून आत घालावी लागते आणि तिचा आकार बिघडतो. लहान केली तर सैल जाते, आटे तिला पकडत नाहीत. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांच्या लांब नळीच्या रायफलींनी यावर साधा उपाय वापरला: गोळी थोडी लहान ओतायची आणि तिच्याखाली तेल-चरबी लावलेली सुती चिंधी घालायची. .५० च्या नळीत .४९० इंचाची गोळी, आणि इंचाच्या हजाराव्या भागांत मोजली तर दहा ते वीस जाडीची घट्ट विणीची चिंधी. आटे चिंधीला पकडतात, चिंधी गोळीला. शिसे लोखंडाला शिवतच नाही. नळीबाहेर पडल्यावर काही पावलांत चिंधी गळून पडते. शिकारी ती शोधून बघतात. भोवताली सारखे आट्यांचे ठसे आणि मध्ये न जळलेला गोल डाग असेल तर जोडी जमली. कडा फाटलेल्या किंवा जळून भोक पडलेले असेल तर चिंधी बदला, गोळीला दोष देऊ नका.

इथे शिसे शुद्धच हवे. चिंधीची वीण गोळीच्या अंगात किंचित रुतली पाहिजे, तेव्हाच पकड बसते. कडक मिश्रधातूची गोळी चिंधीला दाद देत नाही. शिवाय शुद्ध शिसे थंड होताना जरा जास्त आकसते, त्यामुळे त्याच साच्यातून ओतलेली मिश्रधातूची गोळी अंमळ मोठी निघते, आणि मोठी व कडक असे दोन्ही त्रास एकदम होतात. ओतीव गोळीला साच्याच्या तोंडाशी एक चपटा डाग राहतो. तो नेहमी वर, बरोबर मधोमध ठेवून भरायचा; तिरका राहिला तर वजन एका बाजूला झुकते आणि गोळी हेलकावते. शेवटची गोष्ट सुरक्षेची. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर दाबाने नळी फुगू किंवा फुटू शकते. जुने हात गजावर खूण करून ठेवतात आणि भरल्यावर ती खूण तोंडाशी आली का ते दर वेळी पाहतात.

मऊपणाचा दुसरा फायदा सावजाच्या अंगात दिसतो. वाटोळी गोळी बरगड्यांतून जाताना चपटी होते, बशीसारखी पसरते आणि रुंद जखम करते. सत्तर-ऐंशी किलोच्या हरणाला खांद्यामागे, फुप्फुसांच्या जागी लागलेली तोळाभर मऊ गोळी पुरते. तिला तांब्याचे कवच लागत नाही, टोकाला भोक लागत नाही. शुद्ध शिसे इतके मऊ की कमी वेगालाही ते पसरते.

तिची मर्यादा मात्र गणिताची आहे आणि ती मान्य करावीच लागते. गोल आकार हवा कापायला फार वाईट. सेकंदाला १,८०० फूट वेगाने निघालेली .५० ची गोळी शंभर यार्डांवर पोचेपर्यंत सुमारे चाळीस टक्के वेग गमावून बसते. अंगातली शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे तिथे ती जेमतेम तिसरा हिस्सा उरते. यावर दारू वाढवणे हा उपाय नाही. वेग जितका जास्त तितका हवेचा अडथळा जास्त. खरा उपाय व्यास वाढवण्याचा. गोलाचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: .४५ ची गोळी १२८ ग्रेन, .५० ची १७७, .५४ ची २२४. कॅलिबरमध्ये इंचाच्या शंभर भागांतले नऊ भाग वाढले की वजन पाऊणपटीने वाढले. एकोणिसाव्या शतकात सेंट लुईसचे हॉकेन बंधू पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात जाणाऱ्यांना .५० च्या वरच्या जड रायफली करून देत, त्यामागे हेच होते. तिथे समोर एल्क आणि अस्वल असे. आजही माझे मत असे की वाटोळ्या गोळीने हरीण मारायचे तर .५० घ्यावी, त्याहून मोठे जनावर असेल तर .५४, आणि पाऊणशे यार्डांपलीकडे बार टाकूच नये.

हा अंतराचा प्रश्न सैन्यालाही होता, आणि त्यांच्या उत्तरातून दुसऱ्या जातीची गोळी निघाली. फ्रेंच लष्करातल्या क्लोद-एत्येन मिनिए यांनी १८४९ साली निमुळत्या टोकाची, बुडाशी पोकळ असलेली गोळी पुढे आणली. ती नळीपेक्षा लहान असल्याने सैनिक तोंडातून ती झपकन खाली सारू शके. बार झाला की दारूचा वायू बुडाच्या पोकळीत शिरून तिचा पातळ घेर बाहेर ढकलतो, घेर आट्यांत बसतो आणि गोळी फिरते. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, ही युक्ती फक्त मऊ शिशालाच जमते. इंग्रजांच्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची गोळी याच तत्त्वावर होती. सैल जाणाऱ्या गोळीला वंगण लागते, आणि तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ दमदमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली. पुढचे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या काडतुसाला चरबी का हवी होती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. गोळी मऊ, नळीत काजळी, आणि मधे वंगण नसेल तर दोन-चार बारांनंतर गोळी खाली उतरत नाही, एवढेच कारण.

मिनिएच्या गोळीत पातळ घेर नाजूक असतो. दारू जास्त झाली तर तो फाटतो किंवा बाहेर वळतो आणि नेम जातो. शिकाऱ्यांनी म्हणून भरीव बुडाच्या निमुळत्या गोळ्या स्वीकारल्या. अमेरिकेतल्या थॉम्प्सन-सेंटर कंपनीची मॅक्सी-बॉल त्यातली प्रसिद्ध. तिच्या अंगावर वंगणाच्या दोन रुंद खाचा आहेत. सर्वांत वरची कडा नळीच्या तोंडाशी दाब देऊन आत घालावी लागते आणि त्याच वेळी आट्यांचे ठसे तिच्यावर उमटतात. .५० ची अशी गोळी ३७० ग्रेनची, म्हणजे दोन तोळ्यांहून थोडी जास्त. तीही निव्वळ शिशाची, नाहीतर अंगठ्याच्या जोराने ती नळीत शिरणारच नाही. बार झाल्यावर ती मागून पुढे किंचित दबून जाड होते आणि नळी भरून काढते. तिचा आरंभीचा वेग कमी असतो, पण शंभर यार्डांत ती त्यातला पाचवा भागच गमावते. अंगात शिरली की खोल जाते, बहुधा आरपार. आरपार गेलेली गोळी फुकट गेली असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. दोन बाजूंनी रक्त वाहिले तर माग सापडतो, आणि पावसाळी संध्याकाळी माग सापडणे ही लहान गोष्ट नाही.

पण ही गोळी हरेक बंदुकीत चालत नाही, आणि नव्या माणसाची फसगत इथेच होते. आट्यांचा पीळ पाहावा लागतो. वाटोळी गोळी सहज स्थिर होते, तिला संथ पीळ पुरतो: ४८ ते ७२ इंचांत एक फेरा. लांब गोळी डळमळते, तिला घट्ट पीळ हवा: साधारण २० ते ३२ इंचांत एक. इंग्लंडमध्ये वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचा ठोकताळा दिला: व्यासाचा वर्ग घ्या, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा, जितके इंच येतील तेवढ्यात एक फेरा. अर्ध्या इंच व्यासाची एक इंच लांब गोळी असेल तर उत्तर साडेसदतीस. गोळी लांब झाली की भागाकार लहान होतो आणि पीळ आवळावा लागतो. बाजारात ४८ चा पीळ असलेल्या पुष्कळ बंदुका आहेत आणि त्या दोन्ही गोळ्यांना चालतात म्हणून विकल्या जातात. चालतात खऱ्या, पण त्यात निमुळती गोळी आखूड अंगाची निवडावी. आजोबांची लांब रायफल ६६ च्या पिळाची असेल तर तिच्यात निमुळती गोळी भरू नये. ती कागदावर आडवी लागून चावीच्या भोकासारखे छिद्र पाडते.

१९८५ साली नाइट कंपनीच्या एमके-८५ पासून ठासणीच्या बंदुकांचे आधुनिक रूप आले आणि त्याबरोबर प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेल्या बारीक पिस्तुली गोळ्या. त्या लांब पल्ल्याला जातात, पण कोलोरॅडोसारख्या राज्यात ठासणीच्या हंगामात प्लॅस्टिकच्या वाट्यांना बंदी आहे. मला ती बंदी योग्य वाटते. ज्या हंगामाचे कारणच जवळ जाणे आहे त्यात अंतर वाढवण्याची खटपट कशाला?

रिव्हॉल्व्हरकडे जाताना मधे एक पायरी आहे: काडतुसाआधीचे, चक्राच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायचे रिव्हॉल्व्हर. १८६० चे कोल्ट आर्मी घ्या. त्याला ‘.४४’ म्हणतात, पण गोळी लागते .४५१ किंवा .४५४ इंचाची, घरापेक्षा मुद्दाम मोठी. दांड्याने दाबली की तिच्या कडेची बारीक शिशाची कडी कापली जाऊन वर येते. ती पूर्ण वर्तुळाकार आली तर घर नीट बंद झाले समजावे. शेजारच्या घराची ठिणगी आत जाणार नाही. शिसे कडक असेल तर गोळी बसण्याआधी दांडा वाकतो. हरणाच्या शिकारीला मात्र हे रिव्हॉल्व्हर अपुरे आहे. पाऊण तोळ्याची ती गोळी संथ जाते, आणि ‘लागेल कदाचित’ या भरवशावर जनावरावर बार टाकू नये.

काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चित्र उलटते. आता गोळी तोंडाकडून भरायची नाही, म्हणून मऊपणाची ती गरज संपली. वेग आणि दाब दोन्ही वाढले, आणि चिंधीही नाही: शिसे थेट पोलादावर घासते. १९३५ साली .३५७ मॅग्नम आले तेव्हा त्याच्या शिशाच्या गोळ्यांनी नळ्या इतक्या माखल्या की लोक हैराण झाले. आटे शिशाने बुजले की नेम पार जातो आणि ते खरवडून काढायला संध्याकाळ जाते.

या ठिकाणी एल्मर कीथ या आयडाहोतल्या पशुपालक शिकाऱ्याचे नाव घ्यावेच लागते. १८९९ ते १९८४ हे त्यांचे आयुष्य. डोंगरात गुरे राखताना कमरेचे रिव्हॉल्व्हर हेच हाताशी असे, आणि त्याने मोठे जनावर खात्रीने पडावे यासाठी त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी स्वतःची गोळी आखली. .४४ साठी सुमारे २५० ग्रेन, म्हणजे दीड तोळ्याच्या आसपास. नाक रुंद आणि सपाट, खांद्याशी काटकोनी कडा, अंगावर वंगणाची खोल चौकोनी खाच. धातू: सोळा भाग शिसे, एक भाग कथील. १९५५ साली .४४ मॅग्नम निघाले त्यामागे त्यांचा तगादा होता. आज हातच्या शस्त्राने शिकार करणारे बहुतेक लोक त्या गोळीचीच नातवंडे वापरतात.

कीथ यांची धातू फार कडक नव्हती, हे लक्षात घ्या. कडकपणा मोजायची ब्रिनेल नावाची मोजणी आहे, ठराविक भाराने पोलादी गोळा दाबून खळगा किती पडतो ते पाहायची. शुद्ध शिसे ५, कीथ यांचे मिश्रण ११ च्या आसपास. ९० भाग शिसे, ५ कथील आणि ५ अँटिमनी असे दुसरे प्रसिद्ध मिश्रण १५. वर्तमानपत्रांच्या लायनोटाइप यंत्रांची धातू २२. छापखान्याची धातू मुद्दाम कडक असते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात ओतलेले देवनागरी खिळे हजारो दाबांखाली झिजू नयेत म्हणून त्यांतही शिशाला अँटिमनीची जोड लागे. ती धातू साचा काठोकाठ भरते, थंड होताना कमी आकसते, धारदार निघते. छापखाने बंद झाले तेव्हा अमेरिकेत टनांनी लायनोटाइप भंगारात आली आणि गोळ्या ओतणाऱ्यांना वाटले घबाड मिळाले. गोळ्या सुंदर, चकचकीत निघाल्या, नळीही माखली नाही. पण अँटिमनीने धातू ठिसूळ होते. अशी गोळी खांद्याच्या हाडावर आदळली तर पसरत नाही, तडकते. कथील तसे करत नाही. ते कडकपणा थोडा देते पण चिवटपणा राखते. ज्यांनी परातीला कल्हई होताना पाहिली आहे त्यांना कथलाचा हा स्वभाव ठाऊक आहे.

मग नळी माखते कशाने? बहुतेक वेळा मऊपणाने नव्हे, मापाने. गोळी आट्यांच्या तळाशी मोजलेल्या नळीच्या व्यासापेक्षा हजारांश इंच मोठी हवी. लहान असेल तर मागचा पेटता वायू तिच्या कडेने भात्यासारखा पुढे सुटतो, शिसे वितळवतो आणि नळीवर शिंपडतो. बाजारातल्या अति कडक गोळ्या म्हणूनच मध्यम दाबाच्या काडतुसात उलट जास्त माखतात: त्या दबून फुगत नाहीत, फट बंद होत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक जागा तपासायची, चक्राच्या घराचे पुढचे तोंड. गोळी नळीत जाण्याआधी तिथून जाते. ते तोंड नळीपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही कितीही नेमकी गोळी आणा, ते तिला दाबून लहान करणार. माप घ्यायचे तेही शिशानेच: रिकाम्या, उघडून तपासलेल्या शस्त्रात शुद्ध शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून हलके सारायचा आणि बाहेर आलेल्या तुकड्याचा व्यास मायक्रोमीटरने वाचायचा. गोळी विकत घेण्यापूर्वी ही पाच मिनिटे द्यावीत असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

माप जमले की कडकपणा वेगाप्रमाणे ठरवायचा. सेकंदाला हजार फुटांच्या आत असेल तर वीस भाग शिशाला एक भाग कथील पुरे. बाराशे-तेराशेला बारा ते पंधरा ब्रिनेल. त्याहून वर जायचे असेल तर धातू कडक करत बसण्याऐवजी गोळीच्या बुडाला तांब्याची बारीक वाटी बसवावी, ती वायूची झळ अडवते. वंगणही शस्त्राप्रमाणे. रिव्हॉल्व्हरला मेण आणि खनिज तेलाचे मिश्रण उत्तम, पण तेच काळ्या दारूच्या ठासणीत वापरले तर डांबरासारखे चिकट कीट धरते. तिथे मधमाशीचे मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल.

आता नाक. गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारत जाते आणि तिच्यामागे जखम मिटते. सपाट नाक मांसाला समोरून धडकते, ते जोराने बाजूला फेकले जाते आणि जखम गोळीपेक्षा रुंद राहते. शिवाय सपाट नाकाची गोळी हाडावरही सरळ जाते. कीथ यांना वाटे की खांद्याची धारदार कडा कापण्याचे काम करते. पुढच्या पिढ्यांनी बघितले की खरे काम नाकाच्या रुंदीचेच. म्हणून रिव्हॉल्व्हरची गोळी पसरली नाही तरी चालते. हरणाला २४० ते २५० ग्रेन, एल्क किंवा अस्वलाला ३००. टोकाला भोक पाडून पसरवायचीच असेल तर धातू मऊ ठेवा, नाहीतर भोकाच्या कडा तुटून उडतात आणि उरलेली गोळी बोथट काडी होते.

पसरणाऱ्या गोळीचा इतिहासही दमदमलाच जातो. १८९० च्या दशकात तिथल्या शस्त्रागारात नाकाशी शिसे उघडे ठेवलेली लष्करी गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांचे शिकारीचे नियम मात्र पसरणारीच गोळी मागतात. युद्धात माणूस निकामी झाला तरी पुरते. हरीण क्षणात मेले पाहिजे, निकामी होऊन झुडपात तळमळता कामा नये.

घरी धातू ओळखायची तर फरशीचा आवाज ही पहिली चाचणी. दुसरी नखाची: शुद्ध शिशावर नखाचा ओरखडा सहज उठतो, मिश्रधातूवर घसरतो. तिसरी चित्रकाराच्या पेन्सिलींची. सहा-बी पासून सुरू करून कडक होत जा. जी पेन्सिल पहिल्यांदा धातूत रुतते ती तिचा कडकपणा सांगते. सहा-बी रुतली तर शिसे शुद्ध. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे कधीच नव्हते, ते ग्रॅफाइट; पण शिशाची परीक्षा ती चोख घेते. भंगारातल्या गाडीच्या चाकांच्या वजनांत हल्ली जस्त मिसळलेले असते. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून भांडे त्याच्या खाली ठेवले तर ते वर तरंगते आणि पळीने काढून टाकता येते. ओतण्याचे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी भांडे उसळून अंगावर येते. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि लहान मुले त्या जागेजवळही नकोत.

कारण शिसे विष आहे, आणि गोळी निवडणाऱ्याने ते शेवटपर्यंत विसरू नये. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर नावाचे प्रचंड गिधाड १९८७ साली अवघे २७ उरले होते. शिकाऱ्यांनी जंगलात टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन ते मरत होते. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिसे पूर्ण बंद आहे, ठासणीलाही आणि रिव्हॉल्व्हरलाही. आपली गिधाडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने मेली आणि ते औषध २००६ साली जनावरांसाठी बंद करावे लागले. मेलेले जनावर कुणीतरी खाते, हे दोन्हीकडे उशिरा लक्षात आले. माणसेही खातात: २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दिलेले हरणाचे मांस शिशाच्या भीतीने टाकून द्यायला सांगितले होते. वेगवान रायफलीची गोळी अंगात फुटून शेकडो कण पसरवते. ठासणीची संथ, जड गोळी बरीचशी अखंड राहते, तरी काही कण सोडतेच. जिथे शिसे चालते तिथे हरीण सोलताना जखमेभोवतीचे वीतभर मांस कापून बाजूला काढावे, घरी नेऊ नये. आतडी आणि ते मांस खोल खड्ड्यात पुरून वर मोठे दगड ठेवावेत.